विस्तवाविना कॉफी

रेल्वेच्या डब्यात गॅसची शेगडी नेता येत नाही आणि जंगलात काडी ओढता येत नाही. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसने किंवा कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने, पाठीवर एकच पिशवी घेऊन गोंदियाला उतरणाऱ्या माणसाची सकाळची कॉफी या दोन नियमांत अडकते. नागझिऱ्याच्या फाटकावर, परसवाड्याच्या किंवा झिलमिलीच्या तलावाच्या पाळीवर, सारस दिसतील म्हणून धानाच्या बांध्यांच्या कडेला जो पहाटे उभा राहतो, त्याच्याकडे मग दोनच वाटा उरतात. एक, साखर-दूध-कॉफी एकत्र असलेली तयार पुडी. दुसरी, हॉटेलात पहाटे चारला करून थर्मासात भरलेली कॉफी, जी सातपर्यंत आंबट आणि करपट लागायला लागते.

दोन्हींची गरज नाही. चांगली कॉफी करायला त्या जागी विस्तव लागतच नाही. लागतं ते गरम पाणी, आणि पाणी विस्तवापासून चार तास लांब राहूनही कॉफीपुरतं गरम राहू शकतं. बाकी सगळं आदल्या रात्री घरी किंवा लॉजच्या खोलीत उरकता येतं. हे एकदा पटलं की शेगडी, गॅसचा डबा, वाऱ्याचा आडोसा, काडेपेटी सगळंच पिशवीतून बाहेर पडतं आणि पिशवी खरोखर हलकी होते.

विस्तव नको, हे मी केवळ वजनासाठी म्हणत नाही. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि डिसेंबर २०१३ मध्ये या दोन्हींसह नवीन नागझिरा, नवेगाव आणि कोका ही अभयारण्यं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. हे पानगळीचं जंगल आहे. साग, ऐन, बीजा, तेंदू, मोह. फेब्रुवारीपासून पानं झडतात आणि जमिनीवर वाळलेल्या पानांचा घोट्याएवढा थर साचतो. सागाचं वाळलेलं पान हातात घेऊन चुरलं तर त्यात ओलाव्याचा लवलेश सापडत नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. याच काळात जंगलात मोहफुलं वेचली जातात, तेंदूपाने तोडली जातात, माणसांची ये-जा वाढते, आणि याच काळात वाघ पाहायला येणाऱ्यांची गर्दीही सगळ्यात जास्त असते. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलातली आग विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. झाडाच्या हिरव्या फांद्यांनी झोडपून आणि पानं उडवणारी यंत्रं पाठीवर घेऊन ही माणसं आग अडवतात. त्यांच्या जंगलात आपण कपभर कॉफीसाठी काडी ओढणं मला अक्षम्य वाटतं. कायदाही तेच सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं ३० वं कलम अभयारण्यात धोका होईल असा विस्तव पेटवायला किंवा पेटता सोडायला मनाई करतं, आणि राखीव जंगलांसाठी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं २६ वं कलम आहेच.

जंगलाबाहेर तरी काय वेगळं आहे? सारस अभयारण्यात राहत नाही. तो शेतात, तलावाच्या उथळ पाण्यात, धानाच्या बांध्यांत राहतो, आणि महाराष्ट्रात तो उरला आहे तो जवळजवळ एकट्या गोंदियात आणि लगतच्या भंडाऱ्याच्या काही भागांत. डिसेंबर-जानेवारीत तुम्ही त्याला पाहायला जाल तेव्हा धान कापून, मळून झालेलं असतं आणि धुऱ्याधुऱ्यावर तणसाचे ढीग लागलेले असतात. ते तणस म्हणजे शेतकऱ्याच्या जनावरांचा वर्षाचा चारा. वाऱ्यावर उडालेली एक ठिणगी त्यात पडली की संपलं. गॅसच्या छोट्या शेगडीची ज्योत उघड्या पाळीवरच्या वाऱ्यात तशीही धड टिकत नाही.

तेव्हा पाणी बरोबर न्यायचं आणि तेही तापवलेलं. त्याआधी कॉफीला नेमकं काय हवं असतं ते पाहू.

भाजलेल्या कॉफीच्या दाण्यात वजनाने साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. उरलेला नुसता चोथा. विरघळणाऱ्या या तीसपैकी सगळं काढून घेणं शहाणपणाचं नाही. सुरुवातीला आंबट आणि खारट द्रव्यं बाहेर येतात, मग गोडवा आणि सुगंध अंगाला धरणारी, आणि शेवटी कडू, तुरट, जीभ कोरडी करणारी. दाण्याच्या वजनाच्या अठरा ते बावीस टक्के एवढंच पाण्यात उतरलं की कॉफी गोड लागते, असं १९५० च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मांडलं आणि जगभर आजही तोच आडाखा धरला जातो. त्याहून कमी उतरलं तर कॉफी पाणचट-आंबट, जास्त उतरलं तर काढ्यासारखी. किती उतरेल हे चार गोष्टी ठरवतात: दळण किती बारीक, पाणी किती गरम, वेळ किती, आणि पाण्याच्या मानाने कॉफी किती. यातली एक कमी पडली तर दुसरी वाढवून भरून काढता येते. उघड्यावरच्या कॉफीचं सगळं तंत्र या एका वाक्यात आहे. पाणी थोडं निवलं असेल तर दळण बारीक करा किंवा वेळ वाढवा, बस्स.

आपल्याकडे कॉफी म्हटलं की दूध उकळायचं, त्यात चमचाभर इन्स्टंट पावडर, भरपूर साखर आणि वरून जायफळ, अशी ती पाहुण्यांसाठी होते. मला ती आवडते. पण तिच्यात कॉफी मुळात फार थोडी असते, आणि इन्स्टंट पावडर बनवताना कारखान्यात जास्त दाबाखाली, उकळबिंदूच्याही वरच्या पाण्याने दाण्यातून चाळीस टक्क्यांच्या पुढे माल काढलेला असतो. लाकडाचा, पुठ्ठ्याचा जो वास तिला येतो तो तिथून. ज्याला दळलेल्या कॉफीची गोडी एकदा कळली, त्याला ती पहाटेच्या गारव्यात पुन्हा हवीशी वाटते.

आता पाणी. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजातल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी मातीची पाळ घालून बांधलेले मालगुजारी तलाव गावोगाव आहेत, आणि नवेगावबांधचा प्रचंड जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानलं जातं. इतकं पाणी समोर पसरलेलं पाहून ते भरून घ्यावंसं वाटतं. घेऊ नका. तलावाच्या पाण्यात शेवाळ, गाळ, कुजलेल्या पाल्याचा वास असतो. उकळल्याने जंतू मरतात, पण गढूळपणा आणि वास तसाच राहतो, आणि कॉफी हा वास लपवत नाही, उलट वर आणते. बोअरवेलच्या पाण्याची अडचण वेगळी. ते बहुधा जड असतं, त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त असतात. बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारून टाकतं. मग चव सपाट, खडूसारखी होते. याउलट आरओचं पाणी इतकं रिकामं असतं की त्यात चव धड उतरतच नाही, कारण सुगंधी द्रव्यं ओढून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतात. गोंदियात सगळीकडे मिळणाऱ्या आरओच्या कॅनचं पाणी तीन भाग आणि बोअरचं किंवा नळाचं पाणी एक भाग असं मिसळून उकळलं तर दोन्ही दोष बऱ्यापैकी फिटतात. बाटलीबंद पाणी वापरणार असाल तर मिसळायची गरज नाही.

उंचीची काळजी मात्र इथे करावी लागत नाही. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला पाण्याचा उकळबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, आणि लेहमध्ये अठ्ठ्याऐंशीच्या जवळ. गोंदिया तीनशे-सव्वातीनशे मीटरवर, म्हणजे इथे नव्याण्णव अंश. कॉफीला हवेत नव्वद ते शहाण्णव. थोडक्यात, हातात पाच-सात अंशांची उधळायला मुभा आहे, आणि तीच थर्मासला खर्च करायची.

थर्मासचा शोध जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये लंडनमध्ये लावला तो अतिथंड द्रवरूप वायू साठवायला. कॉफीशी त्याचा काही संबंध नव्हता. दोन भिंती आणि मधली हवा काढलेली पोकळी. उष्णता वाहून न्यायला मध्ये काही नाही, म्हणून ती आत राहते. जी जाते ती बहुतेक तोंडातून आणि झाकणातून. त्यामुळे दुहेरी भिंतीचा स्टीलचा थर्मास घेताना बाटलीपेक्षा तिचं बूच पाहावं; जाड, पोकळ, रबराची कडी घट्ट बसणारं बूच हवं. बटण दाबून ओतायचं झाकण सोयीचं खरं, पण उष्णता तिथून गळते. लिटरचा थर्मास अर्ध्या लिटरच्यापेक्षा जास्त वेळ टिकतो, कारण पाणी जास्त आणि त्यामानाने पृष्ठभाग कमी. भरण्याआधी त्यात उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवायचं, ते फेकायचं, आणि मग पुन्हा उकळतं पाणी गळ्यापर्यंत भरायचं. ही पहिली पायरी गाळली तर थंड स्टील पाण्यातले चार-पाच अंश पहिल्याच मिनिटाला पिऊन टाकतं. असं भरलेलं पाणी दोन-तीन तासांनी उघडलं तर चांगल्या थर्मासात नव्वदच्या आसपास सापडतं.

उकळतं पाणी मिळवायचं कुठे? लॉजच्या खोलीत किटली असेल तर प्रश्न नाही. नसेल तर बसस्टँडच्या टपऱ्या पहाटे लवकर पेटतात. ‘भाऊ, थर्मासात उकळतं पाणी भरून द्याल का? चहाचे पैसे घ्या,’ एवढं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. फक्त पाणी चहाच्या पातेल्यातलं नको, त्याला आलं-वेलचीचा वास असतो. कोऱ्या पातेल्यात ठेवायला सांगायचं आणि बुडबुडे फुटून पाणी खळाळेपर्यंत थांबायचं. वाफा दिसल्या म्हणजे पाणी उकळलं असं नव्हे.

तयार कॉफी थर्मासात का नेऊ नये, याचं कारणही रसायनात आहे. भाजताना दाण्यात क्लोरोजेनिक आम्लांपासून लॅक्टोन नावाची संयुगं बनतात. कॉफी गरम राहिली की पाण्याच्या सान्निध्यात ती फुटतात आणि क्विनिक आम्ल तयार होतं. तासागणिक आंबटपणा आणि एक ओशट कडवटपणा वाढत जातो, आणि सुगंधी द्रव्यं तर पहिल्या अर्ध्या तासातच विरतात. गरम पाण्यात असलं काही घडत नाही. म्हणून पाणी आणि कॉफी शेवटच्या क्षणापर्यंत वेगळी ठेवायची.

कॉफी आणायची कुठून, यावर गोंदियाकरांना मी एक सुचवीन. कॉफी म्हटलं की आपली नजर दक्षिणेकडे, चिकमगळूर-कुर्गकडे जाते; तिथल्या बाबाबुडन डोंगरावर सतराव्या शतकात येमेनहून आणलेल्या सात बियांपासून भारतातली कॉफी सुरू झाली अशी कथा आहे. महाराष्ट्रात पाहायचं तर चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. पण गोंदिया छत्तीसगडच्या वेशीवर आहे. बस्तरच्या दरभा भागात गेल्या काही वर्षांत आदिवासी शेतकरी कॉफी पिकवू लागले आहेत, त्यापुढे ओडिशातलं कोरापुट, आणि त्याहून पुढे आंध्रातलं अराकू खोरं, ज्याच्या अरेबिका कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोंड माणसाच्या ओळखीच्या डोंगरांतून येणारी ही कॉफी गोंदियाच्या पहाटेला जास्त शोभते, असं मला मनापासून वाटतं. दाणे मध्यम भाजलेले घ्यावेत, आणि पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेली पाहावी. महिन्याभरातली असली तर उत्तम.

वाण्याकडच्या पाकिटातली दळलेली कॉफी घेणार असाल तर मागची बारीक अक्षरं वाचा. भारतात कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान एक्कावन्न टक्के असली की पुरते. म्हणजे तुम्ही जवळजवळ अर्धं चिकोरीचं मूळच विकत घेत असता. चिकोरी काळा रंग आणि घट्टपणा देते, दुधात ती छान उठते, पण तिच्यात कॅफिन नाही आणि कोरी प्यायली तर गोडसर करपटपणाच तेवढा जिभेवर राहतो. गरम दुधाशिवाय प्यायची असेल तर बिनचिकोरीचीच घ्यावी. रोबस्टा की अरेबिका, हा आवडीचा भाग. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट, चव रांगडी. अरेबिका हळुवार आणि सुगंधी. थर्मासच्या जराशा निवलेल्या पाण्यात मध्यम भाजलेली अरेबिका अधिक खुलते.

दळण आदल्या रात्रीच करायचं. दळलेल्या कॉफीचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि वास उडू लागतो, पण एका रात्रीत हवाबंद पिशवीत फार काही बिघडत नाही. हातचक्की असेल तर छानच, नाहीतर घरचा मिक्सर चालतो. एकसलग न फिरवता झटके देत फिरवायचा आणि भांडं मध्ये मध्ये हलवायचं. दळण जाड रव्याएवढं झालं की मैद्याच्या चाळणीतून भुकटी खाली पाडून टाकायची. हीच भुकटी कॉफी कडू करते आणि फडक्याची छिद्रं बुजवते. मग पुड्या बांधायच्या. एका कपाला बारा ग्रॅम कॉफी आणि दोनशे मिलिलिटर पाणी. लिटरला साठ ग्रॅम, असं प्रमाण लक्षात राहतं. घरी वजनकाट्यावर तोलून एकेका कपाची पुडी केली की बाहेर चमचे मोजत बसावं लागत नाही, आणि अंधारात थंडीने बधिर झालेल्या बोटांना नेमकं हेच हवं असतं. वाण्यासारखी कागदाची पुडी बांधून सगळ्या पुड्या एका घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायच्या.

गाळायला मलमल. रुमालाएवढा सुती मलमलचा तुकडा, वजनाला काहीच नाही. नवा असेल तर दोनदा उकळून खळ काढून टाकायची, नाहीतर कॉफीला कापडाचा वास लागतो. साबण कधीच लावायचा नाही. १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टिपकागद वापरून कागदी गाळणी शोधली, आणि तिची कंपनी आजही चालते. कागदाने कॉफी अधिक स्वच्छ गाळली जाते हे खरं, पण कागद दाण्यातलं तेलही अडवतो. कापड तेल जाऊ देतं, त्यामुळे कॉफीला अंग येतं. दाबून कॉफी काढणारं, अॅलन अॅडलर यांनी २००५ मध्ये बाजारात आणलेलं एरोप्रेस उत्तम आहे, प्रवासात बरेच जण ते वापरतात. ज्याच्याकडे आहे त्याने अवश्य न्यावं. इटालियन मोका पॉटला मात्र जाळ लागतो, तेव्हा ते इथे बाद.

जानेवारीतली पहाट, पारा आठ-दहा अंशांवर, झिलमिलीच्या पाळीवर तुम्ही उभे आहात. तलावावर धुकं आहे आणि तलवार बदकांचे थवेच्या थवे पाण्यावर आहेत, पण अजून ठिपकेच दिसतात. दुहेरी भिंतीचा स्टीलचा मग काढा. त्यात थर्मासातलं थोडं पाणी ओता, मग फिरवून घ्या आणि ते पाणी फेकून न देता मलमलवर ओता, म्हणजे कापड ओलं आणि गरम होतं. आता पुडी मगात रिकामी करा आणि तिच्यावर दुपटीएवढंच पाणी सोडा, साधारण पंचवीस मिलिलिटर. कॉफी फुगून वर येते, लहान बुडबुडे फुटतात. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतोय. जितका फेस, तितकी कॉफी ताजी. हा वायू आधी निघून गेला नाही तर तो पाण्याला दाण्याच्या आत शिरू देत नाही. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी उंचावरून, जोरात ओता, म्हणजे सगळी कॉफी ढवळून निघेल. झाकण लावा. झाकण नसेल तर थर्मासचंच बूच उलटं ठेवा.

इथे घाई करू नये. उकळत्या पाण्याला चार मिनिटं पुरतात. आपलं पाणी मगात पडेपर्यंत पंच्याऐंशीच्या आसपास आलेलं असतं, म्हणून सहा मिनिटं द्यायची. कॉफी पाण्यात बुडवून ठेवण्याच्या या पद्धतीचा मोठा गुण हा की ती चुका माफ करते. पाणी एकदा भरत आलं की त्यात आणखी विरघळण्याचा वेग आपोआप मंदावतो. दुर्बिणीत गुंतून आठ मिनिटं झाली तरी फारसं बिघडत नाही. वेळ झाली की वर तरंगणारा जाड थर चमच्याने किंवा स्वच्छ काडीने तीनदा मोडा. चोथा खाली बसायला लागतो आणि वास असा उठतो की शेजारी उभा असलेला वळून पाहतो. दुसऱ्या मगावर मलमल ताणून हळूहळू ओता. चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे दोनशेतून पावणेदोनशे मिलिलिटर कॉफी हाती येते. मलमल विसरलात तर दोन मिनिटं आणखी थांबून वरची कॉफी तशीच प्या, तळाचं बोटभर सोडून द्या. जगभरचे कॉफीपारखी अशीच न गाळता चाखतात.

पहिला घोट कोराच घ्यावा. मग ज्याला दूध हवं त्याने दुधाची भुकटी वापरावी. ती सरळ गरम कॉफीत टाकली की गुठळ्या होतात; आधी कोमट पाण्याच्या दोन चमच्यांत पेस्ट करून घालावी. गूळ घालायचा असेल तर दूध टाळलेलं बरं. कॉफी मुळात आम्ल, त्यात गुळातली आम्लं, आणि वर उष्णता; दुधातलं केसीन फाटण्याची शक्यता वाढते. जायफळ मात्र मी न्यायला सांगेन. दळलेलं नको, अख्खं. कॉफी गाळल्यावर खिशातल्या चाकूने दोन-तीनदा खरवडलं की पुरे.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. एप्रिल-मेमध्ये गोंदियाचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, फाटकावर सहा वाजताही हवा कोमट असते, आणि गरम कॉफीची इच्छा होत नाही. तेव्हा पाणी तापवायचंच नाही. रात्री आठला साठ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी सहाशे मिलिलिटर साध्या पाण्यात बुडवायची, पहाटे गाळायची, आणि पिताना निम्मं पाणी घालायचं. थंड पाणी आम्लं आणि कडू द्रव्यं कमी ओढतं, त्यामुळे ही कॉफी साखरेविना गोड लागते. उष्णतेची कमी वेळाने भरून निघते, आणि गोंदियाच्या तापलेल्या रात्री आठ-नऊ तासही पुरतात. हेच काम फ्रिजमध्ये चौदा-सोळा तास घेतं. मात्र बिनफ्रिजची ही कॉफी दुपारच्या आत संपवायची आणि तिच्यात आधी दूध घालायचं नाही.

ती थंड ठेवायला बर्फ नको. ट्रकला आणि जीपला पुढे टांगलेली कॅनव्हासची छागल ज्यांनी पाहिली आहे त्यांना युक्ती ठाऊक आहे. बाटलीभोवती जाड सुती कापड गुंडाळून ते ओलं करायचं आणि वाऱ्यात टांगायची. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि तिच्यातली बरीच बाटलीतून ओढली जाते. तेवढी उष्णता निघाली तर ५८० ग्रॅम कॉफी एक अंशाने गार होते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात बाटली पाहता पाहता हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी थंड लागते. जूनमध्ये, सारसांची गणना होते त्या दिवसांत, ढग आलेले असतात, हवेत दमटपणा वाढतो आणि कापडातलं पाणी वाळतच नाही. मग छागलीचा उपाय चालत नाही. तेव्हा पहाटे गाळलेली कॉफी थर्मासात, लॉजवरच्या किंवा टपरीवरच्या थंड पाण्यात मिसळून न्यावी. थर्मासला आत गरम आहे की गार, याचं काही सोयरसुतक नसतं.

व्याघ्रप्रकल्पात जिप्सीतून खाली उतरता येत नाही, आणि खाण्यापिण्याच्या वस्तू उघडू नयेत हेच बरं, तेव्हा कॉफी फाटकाबाहेर, नोंदणीच्या रांगेत थांबलेले असतानाच उरकावी. चोरखमाऱ्याच्या फाटकावर हा अर्धा तास नेहमी हातात असतो. चोथा तिथे ओतू नका. जंगलात तर नाहीच, तलावाच्या काठावरही नाही. कॅफिन असलेला ओला, वासाचा गोळा तिथल्या मातीला आणि जनावरांना अनोळखी आहे, आणि अस्वलाचं नाक फार तीक्ष्ण असतं. मलमलमध्येच चोथा गच्च पिळून पुडीच्याच कागदात बांधायचा आणि रिकाम्या डबीत परत टाकायचा. मलमल संध्याकाळी साध्या पाण्यात उकळून खिडकीत वाळत घालायची. ओली गुंडाळून पिशवीत राहिली तर कापडात मुरलेलं कॉफीचं तेल दुसऱ्या दिवशी खवट होतं आणि मग नवेगावच्या पाळीवरची कॉफी कितीही नेटाने केली तरी तोच वास येतो. जानेवारीत ती रात्रभरात नीट वाळत नाही, म्हणून त्या दिवसांत दोन तुकडे न्यावेत.